दोन विमानतळांमधलं अंतर आणि विमानाला लागणारा वेळ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रवास ठरला की पहिले दोन प्रश्न हेच : किती लांब आहे आणि किती वेळ लागेल? उत्तरं लगेच सापडतात, पण एका ठिकाणी एक आणि दुसऱ्या ठिकाणी दुसरंच. त्यातला कुठलाही आकडा खोटा नसतो. प्रत्येकाने वेगळ्या ठिकाणाहून मोजायला सुरुवात केलेली असते, एवढंच. म्हणून इथे प्रत्येक उत्तरात अंतर किंवा वेळ कुठून कुठपर्यंत मोजली, ते आधी सांगितलं आहे.

विमानतळांमधलं अंतर नेमकं कुठून कुठपर्यंत मोजतात?

प्रत्येक विमानतळाचा एक ठरलेला संदर्भबिंदू असतो आणि त्याचे अक्षांश-रेखांश अधिकृतपणे जाहीर केलेले असतात. साधारणपणे तो सगळ्या धावपट्ट्यांच्या मध्याजवळ धरतात. एका विमानतळाच्या संदर्भबिंदूपासून दुसऱ्याच्या संदर्भबिंदूपर्यंत पृथ्वीच्या पाठीवरून जाणारी सर्वांत छोटी रेषा म्हणजे त्यांच्यातलं हवाई अंतर. तुमचं गेट, टर्मिनल किंवा शहराचा मध्य यांचा त्याच्याशी संबंध नाही.

एकाच जोडीसाठी वेगवेगळे आकडे का दिसतात?

न्यूयॉर्कचा केनेडी विमानतळ आणि लंडनचा हीथ्रो ही जोडी घेऊ. केनेडी साधारण ४०.६४ अंश उत्तर, ७३.७८ अंश पश्चिम इथे आहे. हीथ्रो ५१.४७ अंश उत्तर, ०.४५ अंश पश्चिम. पृथ्वी म्हणजे ६,३७१ किलोमीटर त्रिज्येचा गुळगुळीत चेंडू असं धरून हॅवरसाइन (गोलावरचं अंतर काढायचं) सूत्र लावलं, तर उत्तर येतं सुमारे ५,५४० किलोमीटर. पण पृथ्वी चेंडूसारखी गोल नाही. विषुववृत्तापाशी तिची त्रिज्या सुमारे ६,३७८ किलोमीटर आहे, तर ध्रुवापाशी ६,३५७. हा चपटेपणा धरून मोजलं की तेच अंतर सुमारे ५,५५४ किलोमीटर होतं. म्हणजे १४ किलोमीटरचा फरक. दोन्ही गणितं बरोबर आहेत, दुसरं जास्त काटेकोर आहे. चेंडूवरच्या गणितात अशी अर्ध्या टक्क्यापर्यंतची चूक राहू शकते. प्रवासाच्या अंदाजासाठी ती नगण्य आहे.

खरा घोटाळा मैलांमुळे होतो. जमिनीवरचा मैल १.६०९ किलोमीटरचा आणि सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा. वरचेच ५,५५४ किलोमीटर जमिनीवरच्या मैलांत ३,४५१ होतात आणि सागरी मैलांत जेमतेम ३,०००. विमानवाहतुकीत सागरी मैल वापरतात. वेगही नॉटमध्ये सांगतात, म्हणजे ताशी सागरी मैल. नुसतं ‘मैल’ लिहिलेलं दिसलं तर ते कुठले, हे पाहिल्याशिवाय तो आकडा पुढच्या हिशेबात घेऊ नका.

नकाशावर सरळ जायचं सोडून विमान कमानीसारखा वळसा का घालतं?

हा माझा सर्वांत आवडता प्रश्न आहे. उत्तर वाचण्यापेक्षा हाताने करून बघण्यात खरी मजा आहे. पृथ्वीगोल घ्या आणि एक शिवणाचा दोरा. दोऱ्याचं एक टोक माद्रिदवर बोटाने दाबून धरा, दुसरं न्यूयॉर्कवर. ही दोन्ही शहरं जवळजवळ एकाच अक्षवृत्तावर, चाळीस अंशांच्या थोडी वर आहेत. त्यामुळे विमान सरळ पश्चिमेला जाईल असं वाटतं. आधी दोरा त्या अक्षवृत्तावर नीट बसवा आणि मग हलकेच ताणा. ताण बसला की दोरा आपणहून उत्तरेकडे सरकतो. तो खाली धरून ठेवायचा तर दुसऱ्या हाताचं बोट लावावं लागतं. ताणलेला दोरा सर्वांत छोटी वाट शोधतो, आणि ती वाट अक्षवृत्तावरून जात नाही.

आकड्यांत बोलायचं तर अक्षवृत्त धरून गेल्यास सुमारे ५,९३० किलोमीटर पडतात आणि दोऱ्याच्या वाटेने ५,७६०. ही वाट मध्यावर ४६ अंश उत्तरेच्याही वर जाते आणि तरीही १७० किलोमीटर वाचतात. या वाटेला बृहत्‌वृत्त म्हणतात : पृथ्वीचे बरोबर दोन समान भाग करणारं वर्तुळ. भिंतीवरच्या नकाशात गोल पृथ्वी सपाट कागदावर ताणून बसवलेली असते. मर्केटरने १५६९ मध्ये केलेल्या नकाशाच्या पद्धतीत ध्रुवांकडचा भाग तर फारच फुगतो. म्हणून विमान सरळ जात असतं आणि आपल्याला कमान दिसते.

मग विमान अगदी त्या रेषेवरूनच उडतं का?

नाही. प्रत्यक्ष उडालेलं अंतर बृहत्‌वृत्ताच्या अंतरापेक्षा जवळजवळ नेहमीच थोडं जास्त भरतं. सुरुवातीला आणि शेवटी तर जास्तच. धावपट्टी ज्या दिशेला असेल आणि वारा जिकडून असेल, त्याप्रमाणे उड्डाण करावं लागतं. मग ठरलेल्या वाटेने बाहेर पडायचं, आणि पोहोचतानाही इतर विमानांच्या रांगेत ठरलेल्या वाटेने उतरायचं. विमान पूर्वेला जायचं असलं तरी ते पश्चिमेकडे तोंड करून उडतं आणि मग मोठं वळण घेतं, असं रोजच घडतं.

मधल्या टप्प्यातही कारणं असतात. उत्तर अटलांटिकवर रोजच्या वाऱ्याचा अंदाज पाहून समांतर मार्गांचा संच आखला जातो. दिवसा अमेरिकेकडे जाणाऱ्यांसाठी एक आणि रात्री युरोपकडे येणाऱ्यांसाठी दुसरा. दोन इंजिनांच्या विमानांना आणखी एक अट असते. एक इंजिन बंद पडलं तरी ठरावीक वेळात उतरण्याजोगा विमानतळ गाठता आला पाहिजे. पूर्वी ही मर्यादा ६० मिनिटांची होती. १९८५ पासून १२० मिनिटांची परवानगी मिळू लागली आणि आज १८० मिनिटं किंवा त्याहून जास्त मुभा असलेली विमानं सर्रास महासागर ओलांडतात. तिबेटच्या पठारावरून बहुतेक विमानं जाणं टाळतात, कारण केबिनमधला हवेचा दाब गेला तर श्वास घेण्याजोग्या उंचीपर्यंत खाली यायला तिथे जागा नाही. खाली जमीनच उंच आहे.

आणि कधी कधी आकाशच बंद असतं. २०२२ मध्ये रशियाचं हवाई क्षेत्र युरोपीय कंपन्यांना बंद झालं. त्याआधी हेलसिंकीहून टोकियोला साधारण साडेनऊ तास लागायचे, नंतर तेरा तासांच्या आसपास लागू लागले. दोन्ही विमानतळ जागच्या जागी आहेत, त्यांच्यातलं अंतर एका मीटरनेही वाढलेलं नाही.

एवढ्या उंचीवरून उडल्यामुळे अंतर वाढत नाही का?

वाढतं, पण किती ते पाहा. अकरा किलोमीटर उंचीवर वर्तुळ ०.१७ टक्क्याने मोठं होतं. पाच हजार किलोमीटरमागे नऊ किलोमीटरच्या आत. सोडून द्या.

तिकिटावर लिहिलेला प्रवासाचा वेळ म्हणजे हवेतला वेळ का?

नाही, आणि हे मनात पक्कं बसवा. तिकिटावरची सुटण्याची वेळ म्हणजे विमान गेटवरून हलण्याची वेळ, आणि पोहोचण्याची वेळ म्हणजे तिकडच्या गेटवर येऊन थांबण्याची. चाकांखालचे अडसर काढल्यापासून पुन्हा लावेपर्यंतच्या या वेळेला ब्लॉक टाइम म्हणतात. त्यात इकडचं टॅक्सीइंग, म्हणजे विमानाचं जमिनीवरून चाकांवर सरकत जाणं, धावपट्टीपाशी रांगेत थांबणं, प्रत्यक्ष उड्डाण आणि तिकडे गेटपर्यंत जाणं हे सगळं येतं. हवेतला वेळ त्याच्या आतला एक भाग. छोट्या विमानतळांवर दोन्हीकडची मिळून दहा-पंधरा मिनिटं जातील, गजबजलेल्या ठिकाणी सहज अर्धा-पाऊण तास.

मी हे फार महागात शिकलो. वयाने सत्तरी ओलांडलेल्या माझ्या काकांचा प्रवास मीच आखून दिला होता, दोन वेगवेगळ्या तिकिटांवर. पहिल्या टप्प्याचा वेळ मी अंतरावरून काढला : एक तास दहा मिनिटं. गणित चोख होतं, पण तो हवेतला वेळ होता. पहिलं विमान वेळापत्रकाप्रमाणेच पोहोचलं, फक्त ते वेळापत्रक एक तास पन्नास मिनिटांचं होतं. उतरल्यावर गेट मिळेपर्यंत काका खिडकीपाशी बसून होते आणि पुढच्या विमानाचं गेट समोरच्याच इमारतीत बंद झालं. “अरे, मी तर कुठे थांबलोच नाही, मग उशीर कसा झाला?” असं त्यांनी फोनवर विचारलं, तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती रात्र त्यांनी अनोळखी विमानतळावर खुर्चीत बसून काढली. म्हणून जोडणीचं विमान धरायचं असेल तर हिशेब फक्त तिकिटावरच्या वेळांवरून करा, आणि शक्य असेल तर दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्या. मग पहिलं विमान लांबल्यामुळे पुढचं चुकलं तर पुढे पोहोचवण्याची जबाबदारी सहसा कंपनी घेते. वेगवेगळ्या तिकिटांवर ती तुमची एकट्याची असते.

अंतर तेच, मग जाताना सात तास आणि येताना आठ असं का?

वाऱ्यामुळे. साधारण नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, म्हणजे नेमकं जिथे विमानं उडतात तिथे, पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचे पट्टे वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. त्यांचा वेग ताशी शंभर-दीडशे किलोमीटर सहज असतो, आणि हिवाळ्यात तो कधी कधी तीनशेच्याही वर जातो. विमान हवेच्या सापेक्ष उडतं. हवाच पुढे सरकत असेल तर विमानही तिच्यासोबत सरकतं.

हिशेब करून पाहू. विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० आणि अंतर ५,५५४ किलोमीटर. वारा नसेल तर ६ तास १० मिनिटं लागतील. पाठीमागून १०० चा वारा असेल तर ५ तास ३३ मिनिटं, समोरून तेवढाच असेल तर ६ तास ५७ मिनिटं. यात एक गंमत आहे. जाऊन-येऊन वारा फिटंफाट होतो असं वाटतं, पण बेरीज करून पाहा : वारा नसताना १२ तास २० मिनिटं, वारा असताना १२ तास ३० मिनिटं. समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून राहतं, म्हणून येताना गमावलेलं जाताना मिळवलेल्यातून पूर्ण भरून निघत नाही.

फेब्रुवारी २०२० मध्ये अटलांटिकवरच्या वादळाच्या दिवसांत एका बोइंग ७४७ ने न्यूयॉर्क-लंडन अंतर ४ तास ५६ मिनिटांत कापलं होतं. प्रवासी विमानांत त्याहून कमी वेळ फक्त कॉन्कॉर्डला लागला. ७ फेब्रुवारी १९९६ रोजी त्याने हेच अंतर २ तास ५२ मिनिटं ५९ सेकंदांत पार केलं. पण ते ध्वनीच्या दुप्पट वेगाने उडणारं विमान होतं.

हे पृथ्वीच्या फिरण्यामुळे होतं का?

पुष्कळांना तसं वाटतं : पृथ्वी खालून पूर्वेकडे फिरते, मग पश्चिमेला जाणाऱ्या विमानाला ठिकाण आपणहून जवळ यायला हवं. पण पृथ्वीबरोबर तिचं वातावरणही फिरतं आणि विमान त्या वातावरणातच असतं. धावत्या गाडीच्या डब्यात चेंडू वर उडवला तर तो मागच्या बाकावर जाऊन पडत नाही, तुमच्याच हातात येतो. तसंच हे. फिरण्याचा परिणाम आहे तो आडवळणाने : वाऱ्यांना पश्चिम-पूर्व दिशा मिळते त्यात पृथ्वीच्या फिरण्याचा मोठा वाटा असतो.

समोरच्या पडद्यावर ताशी १,१०० किलोमीटर दिसत होतं. म्हणजे ध्वनीपेक्षा जास्त वेग?

पडद्यावर जमिनीच्या सापेक्ष वेग दिसतो. त्या उंचीवर तापमान उणे ५५ अंशांच्या आसपास असतं आणि तिथे ध्वनीचा वेग ताशी सुमारे १,०६० किलोमीटर असतो. बोइंग ७८७ किंवा एअरबस ए-३५० त्याच्या ०.८५ पटीने उडतात, म्हणजे ताशी ९०० च्या आसपास. वरचे दोनशे वाऱ्याने दिलेले. हवेच्या दृष्टीने विमान ध्वनीच्या खालीच आहे. पुढच्या प्रवासात जाताना आणि येताना हा आकडा लिहून ठेवा, वारा प्रत्यक्ष दिसेल.

अंतर माहीत असेल तर वेळेचा अंदाज कसा काढायचा?

जेट विमानासाठी मी असा काढतो : किलोमीटरना ८५० ने भागायचं, येईल त्यात अर्धा तास मिळवायचा. तो अर्धा तास चढण, उतरण आणि वळणांचा. हा झाला हवेतला वेळ. त्यात जमिनीवरची वीस-तीस मिनिटं घाला की तिकिटावरच्या वेळेच्या जवळ याल. ४०० किलोमीटरसाठी हवेत साधारण एक तास, तिकिटावर दीड तासापर्यंत. लांब पल्ल्याला पूर्वेकडे जाताना थोडं कमी धरा, पश्चिमेकडे जाताना थोडं जास्त.

छोट्या अंतरावर अंतर निम्मं झालं तरी वेळ निम्मा होत नाही, कारण चढण्या-उतरण्याचा वेळ ठरलेलाच. आणि विमान पंख्याचं असेल, उदाहरणार्थ एटीआर ७२, तर भागाकार ५०० ने करा.

सुटण्याची आणि पोहोचण्याची वेळ वजा केली तर उत्तर चुकीचं का येतं?

कारण प्रत्येक वेळ त्या-त्या विमानतळाच्या स्थानिक घड्याळाची असते. न्यूयॉर्कहून संध्याकाळी ७ ला निघालात आणि लंडनला दुसऱ्या दिवशी सकाळी ७ ला पोहोचलात तर बारा तास झाले असं वाटेल. लंडन पाच तास पुढे आहे, म्हणून खरा प्रवास सात तासांचा. परत येताना लंडनहून सकाळी ११ ला निघून न्यूयॉर्कला दुपारी २ ला उतरलात तर घड्याळात तीन तास, प्रत्यक्षात आठ. सर्वांत सुरक्षित पद्धत अशी : दोन्ही वेळा आधी जागतिक प्रमाणवेळेत, म्हणजे यूटीसीमध्ये आणा आणि मगच वजाबाकी करा.

इथे दोन खाचखळगे आहेत. फरक नेहमी पूर्ण तासांचा नसतो. यूटीसीच्या भारत साडेपाच तास पुढे आहे आणि नेपाळ पावणेसहा. दुसरं म्हणजे उन्हाळी वेळ. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते आणि ब्रिटन शेवटच्या रविवारी. मधले दोन-तीन आठवडे न्यूयॉर्क-लंडन फरक पाचाऐवजी चारच तासांचा असतो. शरद ऋतूतही आठवडाभर असंच होतं.

निघालो त्याच्या आधीच पोहोचलो, हे कसं शक्य आहे?

प्रशांत महासागरातली आंतरराष्ट्रीय वाररेषा पूर्वेकडे ओलांडली की तारीख एक दिवस मागे येते. टोकियोहून रात्री ९ ला निघालात आणि सात तास उडून होनोलुलूला उतरलात, तर तिथे त्याच दिवशीचे सकाळचे ९ वाजलेले असतात, कारण टोकियो १९ तास पुढे आहे. परतताना मात्र एक तारीख गळते. हॉटेलचं आरक्षण करताना तिकिटावरच्या वेळेशेजारी ‘+१’ किंवा ‘-१’ आहे का ते बघा. अक्षर बारीक असतं आणि चुकलं की पूर्ण रात्र चुकते.

विमान अर्धा तास उशिरा सुटलं, तरी वेळेवर पोहोचलं. पायलटने वेग वाढवला का?

थोडाफार वाढवता येतो, पण त्यातून लांब पल्ल्यालाही मोजकीच मिनिटं निघतात आणि इंधन बरंच जास्त जळतं. खरं कारण बहुतेकदा वेळापत्रकात असतं. रांगा, समोरचा वारा, उतरण्याआधी आकाशात घिरट्या घालणं हे सगळं गृहीत धरून कंपन्या ब्लॉक टाइममध्ये आधीच मोकळी जागा ठेवतात. त्या दिवशी ती लागली नाही की उशीर पुसला जातो.

‘डायरेक्ट’ आणि ‘नॉनस्टॉप’ एकच ना?

बोलताना एकच, विमानवाहतुकीच्या भाषेत नाही. नॉनस्टॉप म्हणजे मध्ये कुठेही न उतरता. डायरेक्ट म्हणजे फ्लाइट नंबर एकच, पण मध्ये थांबा असू शकतो. तिकीट घेण्याआधी थांब्यांची संख्या पाहा.

एकाच नावाचे विमानतळ निघाले तर?

शहराच्या नावावर जाऊ नका, तीन अक्षरी कोड पाहा. ऑस्ट्रेलियाचं सिडनी आहे तसं कॅनडात नोव्हा स्कोशियामध्येही सिडनी आहे, आणि पहिल्याला जायला निघालेले प्रवासी खरोखरच दुसऱ्याला जाऊन पोहोचले आहेत. सॅन होजे कॅलिफोर्नियात आहे, तसं कोस्टा रिकातही : एकाचा कोड एसजेसी, दुसऱ्याचा एसजेओ. एकाच शहराला अनेक विमानतळ असतील तर हवाई अंतरात फारसा फरक पडत नाही, पण उतरल्यावर पडतो. टोकियोचा हानेडा शहरालगत आहे, नारिता मध्यवर्ती भागापासून सुमारे ६० किलोमीटर दूर.

सर्वांत लांबचं आणि सर्वांत जवळचं उड्डाण कुठलं?

पृथ्वीवरच्या कुठल्याही दोन जागांमधलं अंतर फार तर २०,००० किलोमीटर असू शकतं. त्यापलीकडे गेलात की दुसऱ्या बाजूने वाट जवळची होते. नियमित नॉनस्टॉप उड्डाणांत सिंगापूर ते न्यूयॉर्क केनेडी हे सुमारे १५,३५० किलोमीटरचं आहे. त्यासाठी खास जास्त इंधन नेणारी ए-३५० वापरतात आणि अठरा तासांहून जास्त लागतात. पर्थ ते लंडन हे १४,५०० किलोमीटरचं उड्डाण मार्च २०१८ मध्ये सुरू झालं.

दुसऱ्या टोकाला स्कॉटलंडच्या उत्तरेची ऑर्कनी बेटं आहेत. तिथल्या वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांच्या धावपट्ट्यांमध्ये अंतर आहे २.७ किलोमीटर. वेळापत्रकात दोन मिनिटं लिहिलेली असतात, प्रत्यक्षात दीड मिनिट पुरतं, आणि पाठीशी चांगला वारा असताना हे उड्डाण ५३ सेकंदांतही झालेलं आहे.